ड्राफ्टची वही : वॉरियर्सनी निवडलेली २९ पोरं

६ जून २०२५, शुक्रवार

सकाळी सहाला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, फायनलचा पहिला सामना लावला. ओक्लाहोमा सिटी सुरुवातीपासून पुढे. माझा दुसरा चहा झाला, आंघोळ राहिली. ०.३ सेकंद उरले असताना टायरीज हॅलिबर्टननं चेंडू फेकला आणि तो बसला. इंडियाना १११, ओक्लाहोमा सिटी ११०. अख्ख्या सामन्यात इंडियाना पुढे गेली ती एवढ्याच वेळेपुरती.

पाच मिनिटांत फ्रीमाँटहून भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. तो लहानपणापासून गोल्डन स्टेट वॉरियर्सचा, आणि त्याच्या नादानं मीही. "मामा, हा आपला असता रे. २०२० ला नवी पोरं निवडताना दुसरा नंबर आपल्याकडे होता. तो बाराव्याला गेला! आणि त्यांचा नेम्बहार्ड बघितलास? २०२२ ला आपण २८ व्याला कोणाला घेतलं, आठवतंय?"

आठवत होतं. पॅट्रिक बाल्डविन ज्युनियर. अँड्र्यू नेम्बहार्ड ३१ वा गेला, थेट इंडियानाकडे.

त्याला म्हटलं, अरे, बाराव्या नंबरपर्यंत पोचला म्हणजे आधीच्या सगळ्यांनी त्याला सोडला. आपणच काय ते गाढव? तो म्हणाला, "गाढव सगळेच, पण पहिलं गाढव आपण." यावर उत्तर सुचलं नाही. म्हणून ही वही सुरू करतोय. २००९ पासून २०२४ पर्यंत वॉरियर्सनी ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या वाटणीत) घेतलेला प्रत्येक खेळाडू एका शीटमध्ये, आणि प्रश्न दोनच: निवडताना चुकलं का? की निवडल्यावर चुकलं?

८ जून, रविवार

शीट तयार झाली. २९ ओळी. ड्राफ्टच्या रात्री दुसऱ्या संघाकडून पैसे मोजून किंवा अदलाबदल करून घेतलेलेही यात धरलेत, कारण तीही आपलीच निवड. पहिल्या राउंडचे १५, बाकी दुसऱ्या राउंडचे.

नवख्या वाचकांसाठी थोडक्यात. एनबीएत दरवर्षी नव्या पोरांची वाटणी होते, ३०-३० चे दोन राउंड. तळाच्या संघांना वरचे नंबर मिळण्याची शक्यता जास्त, त्यासाठी लॉटरी. पहिल्या राउंडच्या खेळाडूला ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पगार मिळतो. पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. चार वर्षं सरली की खरा भाव ठरतो. म्हणजे चांगलं पोर सापडलं तर चार वर्षं स्वस्तात. महागड्या स्टारांच्या संघाला हेच तर हवं असतं.

नावं देवनागरीत लिहायची असं ठरवलंय. ऑफिसात दिवसभर इंग्रजी एक्सेल असतंच, घरी तरी नको.

पहिला नियम 'पुढचे पाच'. बाराव्याला गेलेल्या खेळाडूवरून दुसऱ्या नंबरवाल्याला झोडायचं नाही. आपण निवडला त्याच्यानंतर लगेच जे पाच गेले, तुलना फक्त त्यांच्याशी. तेवढेच त्या रात्री त्या किमतीचे मानले जात होते, असं धरायचं.

११ जून, बुधवार

नियम लावला: पुढच्या पाचांतला एकही सरस निघाला की ओळ लाल. शीटभर लाल.

२०१० ला सहावा एकपे उडो. त्याच्या पुढच्या पाचांत नववा गॉर्डन हेवर्ड आणि दहावा पॉल जॉर्ज. लाल, आणि रास्त लाल. २०१६ चा डेमियन जोन्स: पुढच्या पाचांत इविका झुबात्स. लाल. २०१८ चा जेकब इव्हान्स: २८ वा आपला, ३३ वा जेलन ब्रन्सन. लाल, आणि हे पोटात दुखणारं. २०२१ ला सातवा कुमिंगा, आठवा फ्रान्झ वॅग्नर. चौदावा मूडी, सोळावा शेंगुन, सतरावा ट्रे मर्फी. लालच लाल.

आणि मग २०११. अकरावा क्ले थॉम्प्सन. पुढच्या पाचांत पंधरावा कवाय लेनर्ड. क्ले लाल!

इथे मी थांबलो. चार विजेतेपदं मिळवून देणारा माणूस ज्या तक्त्यात चूक ठरतो, तो तक्ताच चुकीचा. पाच जणांत एखादा निघतोच बहाद्दर. त्या एकाशी तुलना केली तर कुठलाही संघ कधीच पास होणार नाही. हा नियम माझा नव्हे, भाच्याच्या रागाचा आहे.

दुरुस्ती: पाच जणांना चढत्या क्रमानं लावायचं आणि मधल्याशी तुलना करायची. मधला म्हणजे त्या नंबरला साधारण जे मिळतं ते.

१२ जून

दुरुस्त नियमानं चित्र पालटलं. कुमिंगाच्या पुढचे पाच: वॅग्नर, डेव्हिऑन मिचेल, झायर विल्यम्स, बुकनाइट, प्रिमो. मधल्यापेक्षा कुमिंगा बराच वर. मूडीच्या पाचांतला मधला कोरी किस्पर्ट, जवळजवळ बरोबरी. इव्हान्सच्या पाचांतून ब्रन्सन काढला तर उरतात मूसा, स्पेलमन, ओकोबो आणि जेव्हन कार्टर. म्हणजे इव्हान्स वाईट निघाला, पण त्या नंबरला मिळतं ते साधारण तसंच. स्टेफ करीबद्दल लिहायलाच नको. २००९ ला मिनेसोटानं पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारे) घेतले, रुबियो आणि फ्लिन, आणि सातव्याला करी आमच्या ताटात पडला. त्यात आमची अक्कल किती आणि त्यांची कृपा किती, ते मोजायला माझ्याकडे रकाना नाही.

पहिल्या राउंडच्या १५ पैकी मधल्याच्या खाली निघाले चारच: उडो, नेदोविच, वाइझमन, बाल्डविन. हा माझा अंदाज आहे, कोणी इझेलीला पाचवा म्हणेल. पण १५ पैकी चार म्हणजे निवड समिती आंधळी नव्हती.

भाच्याला पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

१५ जून, रविवार

आज वाइझमन.

आमच्या सोसायटीमागच्या सिमेंटच्या कोर्टवर शनिवार-रविवार मी पोरं घेतो. त्यांत नववीतला एक आहे, आत्ताच सहा फुटांच्या वर. तो आला त्या दिवशी बाकीच्यांनी त्याला बास्केटखाली उभं केलं. "तू उंच आहेस ना, तू खाली थांब." त्याला ड्रिबल येतं, बऱ्यापैकी पासही येतो, पण चेंडू त्याच्याकडे येतो तो डोक्यावरून फेकलेलाच. चुकला की सगळे ओरडतात, कारण एवढा उंच असून चुकतो म्हणजे काय!

जेम्स वाइझमन सात फुटांचा. मेंफिसकडून कॉलेजचे तीन सामने खेळला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पात्रतेचा वाद निघाला. त्याच्या कुटुंबाला घर बदलायला ११,५०० डॉलर मिळाले होते आणि देणारा पुढे त्याच्याच कॉलेजचा कोच झाला. बारा सामन्यांची बंदी आली, तो कॉलेजच सोडून गेला. मग कोविड. ड्राफ्ट पुढे ढकलत १८ नोव्हेंबर २०२० ला झाला आणि त्याच दिवशी, काही तास आधी, क्ले थॉम्प्सनची टाचेमागची शीर सरावात तुटली. आदल्या हंगामात १५ विजय आणि ५० पराभव घेऊन तळाला बसलेला संघ, एक स्टार नुकताच पडलेला, आणि हातात दुसरा नंबर.

घेतला वाइझमन. पुढचे पाच: लामेलो बॉल, पॅट्रिक विल्यम्स, ओकोरो, ओकोंग्वू, किलियन हेज.

पहिल्याच सामन्यात ब्रुकलिनमध्ये त्यानं १९ गुण केले. तेव्हा भाच्यानं मला पहाटे उठवून फोन केला होता, हे मी त्याला आता आठवण करून देणार नाही. नंतर जे दिसलं ते असं: कोच स्टीव्ह करच्या पद्धतीत सेंटरनं (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूनं) एकाच जागी उभं राहून चालत नाही. स्क्रीन लावायची (समोरच्याची वाट अंगानं अडवायची), लगेच वळायचं, चेंडू मिळाला की पुढच्याला द्यायचा, आणि करी कुठून पळत येतोय हे न बघता ओळखायचं. चार-पाच वर्षं एकत्र खेळलेल्यांची ही भाषा. तीन कॉलेज सामन्यांचं पोर तिथे जाऊन उभं राहिलं. त्याची स्क्रीन लागायच्या आत सरकायची, करी त्याला हातानं जागा दाखवायचा, तोवर संधी निघून जायची. वर नंबर दोनचं ओझं होतंच.

एप्रिल २०२१ मध्ये गुडघ्याचं मेनिस्कस फाटलं. तो बाहेर गेल्यावर वॉरियर्सनी शेवटच्या २० पैकी १५ सामने जिंकले. पुढचा अख्खा हंगाम तो खेळला नाही, आणि त्याच हंगामात संघ चॅम्पियन झाला. परतल्यावर २१ सामने, मधे सांताक्रूझच्या जी-लीग (एनबीएची दुय्यम लीग) संघात रवानगी, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रेड, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाकडे. वॉरियर्सकडून एकूण ६० सामने.

आता हे निवडीच्या रकान्यात टाकू की मशागतीच्या? निवड मधल्याच्या खाली, हे वर लिहिलंच आहे. पण ज्या पोराला सगळ्यांत जास्त सामन्यांची भूक होती, त्याला अशा संघात आणलं जिथे एकेक सामना हरणं परवडत नव्हतं. बी काय होतं हे नीट कळलंच नाही.

(नववीतल्या पोराला आज पॉइंट गार्ड खेळवला. सात वेळा चेंडू गेला. त्याच्या बाबांनी गेटपाशी मला गाठून विचारलं, "सर, हा उंच आहे ना?")

२० जून, शुक्रवार

आज पालख्या पुण्यात येतायत, रस्ते बंद, म्हणून घरून काम. सकाळी सहावा सामना बघून झाला. इंडियाना १०८-९१, आता सातव्यावर.

नवा रकाना: दुसरा करार. पहिला करार संपल्यावर संघ न सोडता दुसऱ्या करारावर वॉरियर्सकडून जो मैदानात उतरला, तो 'टिकला'. २९ पैकी आजवर चारच: करी, थॉम्प्सन, ड्रेमंड ग्रीन, लूनी. मूडीनं गेल्या ऑक्टोबरात सही केलीय, पण तो करार येत्या हंगामापासून लागू. पॉजेम्स्की, जॅक्सन-डेव्हिस आणि सांतोस अजून पहिल्यावरच आहेत. कुमिंगाचा पहिला करार याच महिन्यात संपतोय.

सगळ्यांत मजेशीर कोठा जॉर्डन पूलचा. २०१९ चा २८ वा. ऑक्टोबर २०२२ मध्ये चार वर्षांची करारवाढ, १४ कोटी डॉलरपर्यंत जाणारी. त्याच महिन्यात सरावात ड्रेमंडनं त्याला ठोसा मारला, तो व्हिडिओ जगानं पाहिला. जुलै २०२३ मध्ये पूल वॉशिंग्टनला. करारवाढ सुरू व्हायची होती २०२३-२४ पासून. म्हणजे सही वॉरियर्सशी, पण त्या करारावर वॉरियर्सकडून एक सामनाही नाही. माझ्या नियमानं 'टिकला नाही'. लिहिताना बरं वाटलं नाही, २०२२ च्या विजेतेपदात त्याचा वाटा मोठा होता.

हा रकानाही फसवा आहे हे संध्याकाळपर्यंत कळलं. उडो टिकला नाही, पण २०१२ मध्ये माँटा एलिसबरोबर तो मिलवॉकीला गेला आणि बदल्यात अँड्र्यू बोगट आला, २०१५ च्या चॅम्पियन संघाचा सेंटर. त्याच व्यवहारात आलेला स्टीफन जॅक्सन लगेच सॅन अँटोनियोला पाठवला, त्याच्या बदल्यात पहिल्या राउंडचं एक पिक (खेळाडू निवडायचा हक्क) मिळालं, आणि त्यातून फेस्टस इझेली आला. वाईट निवडीतून दोन सेंटर. उलट पूल, बाल्डविन आणि रायन रोलिन्स या तिघांच्या व्यवहारातून ख्रिस पॉल आला, एक हंगाम खेळला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला सोडून दिलं. साखळी तिथेच तुटली.

कुमिंगाची साखळी तर कादंबरीच आहे. ड्युरांट २०१९ ला जाताना त्याच्या बदल्यात डी'अँजेलो रसेल आला. रसेलच्या बदल्यात मिनेसोटाकडून विगिन्स आणि एक पिक. त्या पिकचा सातवा नंबर लागला, तो कुमिंगा. विगिन्सचा पुढे जिमी बटलर झाला.

'बदल्यात काय आलं' असा रकाना जोडला. शीट आता मोबाइलवर मावत नाही.

२३ जून, सोमवार

पहाटे साडेपाचला सातवा सामना. पहिल्याच भागात हॅलिबर्टन खाली बसला आणि हातानं जमीन बडवायला लागला. टाच. ओक्लाहोमा सिटी १०३-९१ नं चॅम्पियन. भाच्याचा मेसेज नाही. मीही केला नाही.

दिवसभरात थंडरची, म्हणजे ओक्लाहोमा सिटीची, शीट केली, तुलनेला. आणि घोळ झाला. जोडताना २०२२ च्या ओळींत एक माणूस कमी. तासभर सूत्रं तपासली. शेवटी सापडलं: त्यांच्याकडे दोन जेलन विल्यम्स आहेत, एकाच वर्षीच्या ड्राफ्टमधले. एक बारावा, दुसरा ३४ वा. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, उच्चार जवळजवळ एकच, आणि मी दोघांनाही 'जेलन' लिहिलं. देवनागरीच्या हट्टापायी ऑल-स्टार खेळाडू आणि राखीव सेंटर यांची मिनिटं एका ओळीत जमा झाली होती. आता 'जेलन (१२)' आणि 'जेलिन (३४)'.

थंडरबद्दल सगळे म्हणतात, बघा, ड्राफ्टमधून संघ कसा उभा करावा. अर्धंच खरं आहे. त्यांचा सगळ्यांत मोठा खेळाडू, शे गिल्जस-अलेक्झांडर, त्यांनी ड्राफ्ट केलेलाच नाही, पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सकडून आला. (आणि बारावा जेलनही त्याच व्यवहारातल्या पिकमधून.) डॉर्टला तर कोणीच ड्राफ्ट केलं नव्हतं. २०२० ला १७ व्याला घेतलेला पोकुशेव्स्की भरपूर खेळवला, तरी लागला नाही.

पण एक गोष्ट डोळ्यांत भरली. २०२०-२१: २२ विजय, ५० पराभव. २०२१-२२: २४ आणि ५८. दोन वर्षं ते मुकाट हरले आणि पोरांना खेळवत राहिले. चेट होल्मग्रेन, सात फुटी, नंबर दोन, पहिला अख्खा हंगाम पायाच्या दुखापतीनं गेला. कागदावर हुबेहूब वाइझमन. (कॉलेजचा एक पूर्ण हंगाम त्याच्या गाठीशी होता, हा फरक आहेच.) तो परत आला तेव्हा भोवती सगळे त्याच्याच वयाचे, त्याच्यासारखेच चुकणारे.

वाइझमन परत आला तेव्हा शेजारी होते चार विजेतेपदांच्या चार अंगठ्या घातलेले तिघं.

२७ जून, शुक्रवार

ड्राफ्टचे दोन्ही दिवस झाले. पहिल्या राउंडचं आपलं पिक बटलरच्या व्यवहारात मायामीला गेलेलं, २० वं. दुसऱ्या राउंडला ४१ वं देऊन ५२ आणि ५९ घेतलं, मग ५९ वरून सरकून ५६. अलेक्स टूही, ऑस्ट्रेलियाचा, सिडनी किंग्सकडून आलेला. आणि विल रिचर्ड, फ्लोरिडाच्या यंदाच्या विजेत्या कॉलेज संघातला, चार वर्षं कॉलेज खेळलेला.

रिचर्डवरून एक तर्क सुचला: वॉरियर्सना पिकलेले फळ जमतं, हिरवं नाही. ड्रेमंड चार वर्षं कॉलेज, ३५ वा. पास्कल चार वर्षं, ४१ वा, पहिल्याच हंगामात ऑल-रूकी पहिल्या संघात, म्हणजे नवख्यांतल्या सर्वोत्तम पाचांत. जॅक्सन-डेव्हिस चार वर्षं, ५७ वा. करी आणि क्ले तीन-तीन वर्षं. आणि अठरा-एकोणीसची पोरं? वाइझमन, कुमिंगा, बाल्डविन. वयाचा रकाना जोडला, रात्री जागून.

२८ जून

तर्क पडला. उडो २३ वर्षांचा होता. जोन्स आणि इव्हान्स तीन-तीन वर्षं कॉलेज खेळलेले. आणि लूनी एकोणीसचा.

२ जुलै, बुधवार

लूनी न्यू ऑर्लिन्सला निघाला. दोन वर्षांचा करार. दहा हंगाम.

भाच्याचा फोन आला, मेसेज नव्हे. "मामा, तुझ्या शीटमध्ये लूनीला किती मार्क?" त्याला सांगितलं, लूनीनं माझे सगळे रकाने मोडलेत.

केव्हॉन लूनी, २०१५ चा ३० वा. वय १९. यूसीएलएत एकच वर्ष. आल्या आल्या ऑगस्टमध्ये उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया, पुढच्या एप्रिलमध्ये डाव्या. पहिल्या हंगामात पाच सामने. संघानं त्याचं चौथं वर्ष नाकारलं, म्हणजे लेखी सांगितलं की तू आम्हाला एवढ्याही पगाराला नको. कोवळं वय, मिनिटं नाहीत, शरीर मोडलेलं, विश्वास नाही. तरी त्यानंतर तीनदा याच संघाशी नव्यानं करार, आणि २०२१-२२, २०२२-२३ असे दोन हंगाम ८२ पैकी ८२ सामने.

मे २०२२ ची मेंफिसविरुद्धची सहावी मॅच पुन्हा लावली. २२ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणं), त्यातले ११ आक्रमणातले. थांबवून थांबवून बघितली. हा माणूस उडी मारत नाही. खुब्यांचं एवढं झाल्यावर कशाला मारेल! बाकी सगळे चेंडूकडे बघत असतात तेव्हा हा माणसाकडे बघतो. करीच्या हातातून चेंडू सुटायच्या आधी याचा डावा पाय समोरच्या सेंटरच्या पुढे रोवलेला असतो, कंबर त्याला लावलेली, आणि चेंडू रिंगवरून उसळला की एका हातानं नुसता टिचकी मारल्यासारखा स्वतःकडे वळवतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हातात. मेंफिसचे सेंटर त्याच्यापेक्षा फूटभर वर उडत होते आणि रिकाम्या हातानं खाली येत होते.

लूनीला काम छोटं मिळालं. स्क्रीन, रिबाउंड, पास. चेंडू हातात ठेवून काही करून दाखव असं त्याला कोणी सांगितलंच नाही. छोट्या कामात चुका छोट्या होतात आणि त्या खपतात.

पूलचं उलट. पहिल्या हंगामात त्याच्या फेकी बसायच्या ३३ टक्के, बघवत नव्हतं. पण तो हंगाम होता १५-५० चा: करीचा हात मोडलेला, क्ले बाहेर, हरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चुकला तरी पुढच्या सामन्यात पुन्हा मैदानात. दुसऱ्या वर्षी ऑर्लँडोत जी-लीगमध्ये अकरा सामने, तिथेही चेंडू त्याच्याच हातात. २०२१-२२ ला तो १८.५ च्या सरासरीनं गुण करत होता आणि फ्री थ्रोमध्ये लीगमध्ये पहिला.

म्हणजे चुकायला जागा हवी, आणि ती दोनच प्रकारे मिळते: काम तरी छोटं किंवा हंगाम तरी वाया गेलेला. वाइझमनला यातलं काहीच मिळालं नाही. काम मोठं, संघ घाईत. मालक जो लेकब आणि मंडळी तेव्हा दोन पिढ्या एकत्र नेण्याची भाषा करत होती: करीच्या पिढीनं जिंकायचं आणि पोरांनी बाजूला शिकायचं. २०२२ ला जिंकले आणि हे जमल्यासारखं वाटलं. पुढच्या हंगामात परगावच्या ४१ पैकी ३० मॅचा हरले.

'जागा' नावाचा रकाना जोडला. आकडा नाही, फक्त हो, नाही, थोडी. लूनीला 'थोडी' लिहिलं. पोकुशेव्स्कीला 'हो' लिहावं लागलं, आणि त्याचं काही झालं नाही, तेही शेजारी लिहिलं.

२० जुलै, रविवार

भाच्याशी दीड तास भांडण, विषय कुमिंगा.

दोघांसमोर माहिती एकच. शेवटचा लीग सामना, प्ले-इन (बाद फेरीची पात्रता लढत), बाद फेरीतला ह्यूस्टनविरुद्धचा पहिला सामना, तिन्हींत कुमिंगा बेंचवर, एक मिनिटही नाही. मग मिनेसोटाविरुद्ध पहिल्याच सामन्यात करीचा हॅमस्ट्रिंग गेला आणि कुमिंगाला मैदान मोकळं झालं. पुढचे चार सामने: १८, ३०, २३, २६. आणि चारही सामने वॉरियर्स हरले.

भाचा म्हणतो: "हीच तुझी जागा, मामा! मिळाली आणि बघ. चार वर्षं दिली असती तर?" मी म्हणतो, चारही हरलो रे. त्याच्या मते हरलो ते करी नव्हता म्हणून. मी म्हटलं, करी नव्हता म्हणूनच तर ३० झाले. कुमिंगाला चेंडू घेऊन बास्केटकडे घुसायला आवडतं, त्याला तिथे मोकळी जागा लागते. बटलरलाही तीच जागा लागते, ड्रेमंडचा माणूस तर कायम तिथेच येऊन उभा राहतो कारण ड्रेमंडच्या शॉटला कोणी घाबरत नाही. तिघं एकाच दारात अडकतात. यात कुमिंगाची चूक नाही आणि करचीही नाही.

"मग चूक कोणाची?"

मी म्हटलं, सातव्याला त्याला घेतला ती निवड बरोबर होती, हे माझी शीट सांगते. घेतल्यावर विकायची वेळ गेल्या वर्षी येऊन गेली. १६.१ ची सरासरी होती तेव्हा. तो गप्प बसला. मग म्हणाला, "तेव्हा तूच म्हणालास की ठेवा."

म्हणालो होतो. व्हॉट्सअॅपवर शोधलं, १४ एप्रिल २०२४. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला, मला शोधायची गरज नव्हती.

१७ ऑगस्ट

काही नाही. कुमिंगा अजून अधांतरी: तो मर्यादित फ्री एजंट, म्हणजे दुसऱ्यानं दिलेली ऑफर संघ तेवढ्याच पैशात रोखू शकतो, म्हणून कोणी ऑफरच देत नाही. शीटमध्ये आपल्या २० व्या पिकवर मायामीनं घेतलेला याकुचिओनिस 'बदल्यात गेलेलं' खाली घातला, बटलरच्या ओळीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी पूजेला लॅपटॉप ठेवला, त्यावर झेंडूचं फूल. बायको म्हणाली ती शीट उघडी ठेवून पूजा करणार का? उघडीच होती.

कुमिंगानं सही केली. दोन वर्षं, दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर. हे एका वर्षाचंच लग्न आहे, आणि असा पगार ट्रेडमध्ये जुळवायला सोयीचा असतो हे दोन्हीकडच्यांना माहीत आहे. भाच्याचा मेसेज: "टिकला! २९ पैकी पाच!"

नियम वाचून दाखवला: सही नव्हे, दुसऱ्या करारावर मैदानात उतरला तर. पूलला लावला तोच. हंगाम सुरू व्हायला अजून आठवडे आहेत, आणि मूडीचंही तसंच.

"मामा, तू सरकारी ऑफिसात असायला हवा होतास."

कुमिंगाचा कोठा पिवळा ठेवला, मूडीचा पिवळा. कोर्टवर आज पोरं नाहीत, सगळी सोनं वाटायला गेलीत. उंच पोरगा तेवढा येऊन गेला, आपट्याची पानं दिली आणि विचारून गेला की शनिवारी पुन्हा पॉइंट गार्ड का.